भेडाघाटाऐवजी पंखा

“ए बड्डे, कूद जाओ नीचे, गाड़ी फटने वाली है,” असं एक ट्रॅक्टरवाला आपल्या सीटवर उभा राहून बोंबलत होता, आणि ज्याच्या नावानं बोंबलत होता तो इसम मी होतो. तिलवाऱ्याचा पूल, खाली नर्मदा, आणि माझ्या बारा चाकी ट्रकच्या नाकातून वाफ अशी सुटलेली की पलीकडचा काठ दिसेना. मागे गाड्यांची रांग बरगीपर्यंत गेली होती. कोणी म्हणेल बरगी फार लांब आहे. मी म्हणतो हॉर्न तिथूनच ऐकू येत होते.

जबलपुरात ओळखीचा, अनोळखी, म्हातारा, पोरगा, जो भेटेल तो बड्डे. आमच्या नागपुरात भाऊ म्हणतात, पण एकदा भाऊ म्हटलं की माणूस निदान बाटलीभर पाणी तरी आणून देतो. इथे बड्डे बड्डे म्हणत लोक मोबाईल काढून माझा व्हिडिओ घेत होते. त्यातच एका बसमधून कोणी भाविकानं “नर्मदे हर” म्हणत नदीसाठी नाणं भिरकावलं, ते वाफेत वाट चुकून माझ्या कपाळावर बसलं. मी ते उचलून कठड्यावरून खाली टाकलं, कारण ते नर्मदेचं होतं. टेंगूळ मात्र माझं मला ठेवावं लागलं.

एवढा अपमान झाल्यावर माणूस कोणावर तरी चिडणारच. मी नामदेववर चिडलो. नामदेव माझा ड्रायव्हर. मी पहिला ट्रक घेतला तेव्हापासून स्टिअरिंग त्याच्याच हातात, आणि त्याचं घर त्या स्टिअरिंगवरच चालतं. हे रागाच्या भरात मी विसरलो होतो असं नाही. चांगलं लक्षात ठेवूनच बोलत होतो.

“पाणी काठोकाठ होतं भाऊ,” नामदेव म्हणाला. “शिवनीला मी डोळ्यानं पाहिलं.”

“मंग हे उकळून काहून राहिलं? चहा टाकला काय आत?”

कुरईच्या घाटातही गाडी तापली होती, तेव्हा नामदेवनं ती बाजूला घेऊन थंड होऊ दिली होती आणि मी खाली उतरून माकडांना शेंगदाणे घातले होते. तेव्हा मला राग आला नव्हता, कारण तिथे बघायला माकडंच होती. इथे अर्धं जबलपूर बघत होतं. मी केबिनमध्ये चढलो, डॅशबोर्डच्या आकड्याला घुंगरू बांधलेली चावी लटकत होती ती ओढून काढली, आणि पुलावर उभं राहून जाहीर केलं की आजपासून या गाडीचं स्टिअरिंग तुझं नाही; गाडीतली सरकीची ढेप उतरली की बस पकड आणि नागपूरला जा. नामदेवनं माझ्या मुठीकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि काही सांगायला ओठ उघडले. मी हात वर केला. मालक बोलत असताना ड्रायव्हरनं बोलायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. तो मी त्याच क्षणी केला.

मग चावी खिशात टाकून, घुंगरू वाजवत, मी ऑटोत बसून मदत आणायला निघून गेलो. चावी माझ्या खिशात असल्यावर गाडी जाते कुठे?

*गोरखपूर*

आता वाचणाऱ्यांना प्रश्न पडेल की ट्रकचा मालक ट्रकमध्ये बसून प्रवास कशाला करतो. तर कारणं दोन. जबलपूरच्या एका डेअरीवाल्याला सरकीची ढेप द्यायची होती, ते नामदेवचं कारण. माझं कारण म्हणजे जबलपूरच्याच गोरखपूर मोहल्ल्यात राहणारी माझी थोरली बहीण आणि भेडाघाट. धुवांधार धबधबा, संगमरवराचे कडे, नावेतून फेरी, हे सगळं बघून येऊन मी त्याचं वर्णन करीन असं आमच्या गल्लीत सांगून निघालो होतो. गल्ली अजून वाट बघत आहे.

ताईच्या घरात मराठी बोलतात. उंबरठ्याबाहेर लगेच हिंदी. भाचा दार उघडून म्हणाला, “मामाजी, आप?” आणि मग आईकडे बघून हळूच, “मामा आले आहेत ना?” त्याला मराठी सगळं समजतं, बोलताना मात्र तो शब्द गरम भजं उचलावं तसा चिमटीत धरतो. ताईनं पोहे केले. पोह्यांवर तर्री, म्हणजे आमचा लाल तिखट रस्सा, नाही. मी तर्री कुठे आहे विचारलं तेव्हा सगळं घर माझ्याकडे असं बघू लागलं, जणू मी पोह्यांवर डिझेल मागितलं. वर काळीकुट्ट जिलबी. ती खोव्याची असते, हे मला चार जिलब्या खाल्ल्यावर पटलं, आणि मान्य करायला आणखी दोन लागल्या. नागपूरची संत्रा बर्फी हिच्यापुढे कशी काय टिकेल याची मला तिथे बसल्या बसल्या काळजी लागली. ही काळजी मी नागपुरात बोलून दाखवणार नाही.

भाऊजी खमरियाच्या लष्करी कारखान्यातून रिटायर झालेले. तिथे काय बनवायचे ते सांगत नाहीत, गुप्त आहे म्हणतात. जगातलं बाकी सगळं सांगतात. माझी हकीकत अर्धी ऐकूनच त्यांनी निकाल दिला.

“ड्रायव्हरनं पाणी टाकलं नाही, बस. सौ टक्का. आमच्या सेक्शनला असा माणूस दुसऱ्या दिवशी गेटच्या बाहेर असता.”

मला बरं वाटलं. खमरियाचा माणूस म्हणतो म्हणजे झालंच. नामदेवच्या जागी कोणाला घ्यायचं हेही मी जिलबी खाता खाता ठरवून टाकलं. शेजारच्या ट्रान्सपोर्टमधल्या एकाला फोन लावला, त्यानं उचलला नाही, एवढीच नामदेवची पुण्याई.

ताई तेवढं म्हणाली, “नामदेव असं करायचा नाही.” तिच्याकडे आम्ही दोघांनीही लक्ष दिलं नाही. तिनं डबा भरला, कारण नामदेव उपाशी असेल म्हणे. भाऊजींनी टॉर्च आणि त्या दिवशीचं वर्तमानपत्र घेतलं, आणि आम्ही तिघं ऑटोतून तिलवाऱ्याला निघालो.

पुलावर ट्रक नव्हता.

मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी हरवल्या आहेत, छत्र्या, चपला, एकदा एक सायकल. पण बारा चाकी ट्रक, ढेपेसकट, भर दुपारी, पुलावरून? मी कठड्यावरून वाकून नर्मदेतही पाहिलं. ज्या गावात माणसं नदीत नाणी टाकतात त्या गावात ट्रक टाकणार नाहीत कशावरून? मी खिशातली चावी काढून ऑटोवाल्याला दाखवली, की ही बघ चावी माझ्याजवळ आहे, मग गाडी नेली कोणी? त्यानं पानाची पिंक टाकली आणि पुढे बोट दाखवलं. पूल संपल्यावर पिंपळाखाली एक गॅरेज होतं, तिथे माझा ट्रक केबिन पुढे झुकवून, एखादा म्हातारा दंडवत घालतो तसा उभा होता. ढेपेच्या वासानं सगळ्या पंचक्रोशीतल्या गाई भोवती जमल्या होत्या आणि ताडपत्रीचे कोपरे चाटत होत्या.

*पिंपळाखाली*

गॅरेजवाल्याचं नाव गुड्डन मिस्त्री. मी पोचताच विचारलं की माझ्या गाडीला हात कोणाला विचारून लावला, आणि चावी माझ्या खिशात असताना ती चालू कशी केली. गुड्डन म्हणाला, चलकर आई है, बड्डे. मी समजून गेलो. वायरी जोडून डायरेक्ट स्टार्ट केली असणार. चोर करतात तसं. मी तसं बोलूनही दाखवलं. नामदेव पलीकडे पान्यानं काही आवळत होता, त्यानं वर पाहिलं, पुन्हा ओठ उघडले, आणि मी पुन्हा हात वर केला. एकदा केलेला नियम सारखा सारखा मोडता येत नाही.

तोवर गुड्डननं अर्धं इंजिन तपासून ठेवलं होतं. पाणी ज्या त्या खुणेपर्यंत. गळती कुठेच नाही. पट्टा ताणलेला. थर्मोस्टॅट, म्हणजे पाण्याच्या वाटेतलं ते झाकण, त्यानं खोलून शेजारच्या टपरीवरच्या चहाच्या पातेल्यात सोडलं होतं. चहा उकळताच ते शहाण्यासारखं उघडलं. तो चहा नंतर सगळ्यांनी प्यायला. मलाही दिला.

“पाणी पूरं है,” गुड्डन म्हणाला. “ड्राइवर की गलती नईं है.”

खमरियाचं सौ टक्का पाण्यात गेलं होतं. पण मी माझ्या जागेवरून हललो नाही. पाणी पुरं असेल, पण गाडी तापली तर आहे ना? मग कोणी तरी चुकलंच असणार, आणि स्टिअरिंगवर तर नामदेवच होता.

केबिन तशीच झुकलेली ठेवून गुड्डननं इंजिनच्या बाजूचं बटण दाबून ते चालू केलं आणि चांगलं गरम होऊ दिलं. पंखा फिरत होता. पंखा तो घूम रहा है, असं सगळे एका सुरात म्हणाले, गाईसुद्धा. तेव्हा भाऊजींना आपली इज्जत परत मिळवायची संधी दिसली. त्यांनी वर्तमानपत्राची घट्ट गुंडाळी केली, आम्हा सगळ्यांना मागे सरकवलं, आणि गुंडाळीचं टोक पंख्याच्या पात्यांवर हळूच टेकवलं.

पंखा थांबला.

हातातल्या वर्तमानपत्रानं. तेही आतल्या पानांनी, जिथे जमिनीच्या जाहिराती असतात. इंजिन धडधडतंय आणि पंखा एखाद्या लाजऱ्या मुलीसारखा उभा. भाऊजी विजयी मुद्रेनं मागे वळले आणि त्यांनी समजावलं, ते मी वाचणाऱ्यांसाठी सोपं करून सांगतो. या पंख्याच्या मध्ये एक गोल हब असतो, आत दाट तेल. इंजिन थंड असेल तेव्हा हब पंख्याला सैल सोडतो, तो आपला मजेत फिरतो. इंजिन तापलं की हबच्या तोंडावरची एक छोटी गुंडाळलेली पट्टी उष्णतेनं उलगडते, आतलं तेल मोकळं होतं, हब पंख्याला घट्ट धरतो, आणि मग तो असा गर्जतो की त्यात वर्तमानपत्र काय, संपादक घातला तरी थांबणार नाही. आमचा हब धरतच नव्हता. सपाट रस्त्यावर वारा समोरून लागतो, म्हणून नागपूरच्या आसपास कळलं नाही. चढ लागला आणि सोंग उघडं पडलं.

“डायरेक्ट कर देते हैं,” गुड्डन म्हणाला.

मी विचारलं, म्हणजे काय. म्हणजे हबला भोकं पाडून बोल्ट ठोकायचे, हब आणि पंखा एकत्र जखडायचे. झालं. मग तो रात्रंदिवस, थंडीत, उतारावर, गरज असो नसो, पूर्ण जोरात फिरणार आणि डिझेल पिणार. गुड्डनला त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. त्याच्या गॅरेजात सगळंच डायरेक्ट होतं. दिव्याची वायर तारेवर डायरेक्ट, नळाला तोटी नाही म्हणून पाणी डायरेक्ट, कॉम्प्रेसरचं बटण तुटलेलं म्हणून तोही डायरेक्ट. पिंपळाखाली जो कुत्रा झोपला होता त्याला साखळी नव्हती, तोही डायरेक्टच. आणि भाऊजी, माझे सख्खे भाऊजी, म्हणाले की बरोबर आहे, डायरेक्ट सगळ्यात पक्कं. मी म्हणालो, भाऊजी, तुमच्या कारखान्यात असं करायचे काय? ते म्हणाले, ते गुप्त आहे.

मी मग तिथे जे भाषण केलं ते रेकॉर्ड करायला पाहिजे होतं. कंपनीत इतकी शिकलेली माणसं बसून एक वस्तू अशी बनवतात की जी तापली की कामाला लागते आणि थंड झाली की आराम करते, सरकारी नोकरासारखी उलटी नाही, आणि तुम्ही तिला बोल्ट ठोकता? तुम्हाला एखादी गोष्ट बिघडली की ती का बिघडली हे बघवत नाही काय? गुड्डननं शांतपणे ऐकून घेतलं आणि नवा हब मागवायचा तर दोन-चार दिवस लागतील, तोवर गाडी इथेच, असं सांगितलं. गाईंनी ताडपत्रीचा एक कोपरा एव्हाना खाल्ला होता.

या सगळ्यात ताई कुठे होती? ताई भाऊजींच्या हातातून टॉर्च घेऊन, रेडिएटर आणि पंखा यांच्यामधल्या फटीत वाकून बघत होती. भाषण लांबलं की ती लहानपणापासून असंच करते, दुसरीकडे कुठे तरी बघते.

“बाळ्या,” ती मला म्हणाली, “इथं शेंदूर काहून लावला?”

सगळे वाकले. गुड्डननं बोल्ट खोलून रेडिएटर पुढे सरकवला. हबच्या तोंडावर, नेमक्या त्या गुंडाळलेल्या पट्टीवर, तेलात कालवलेल्या शेंदराचा बोटभर जाड थर, वाळून कडक झालेला, वर दोन तांदूळ चिकटलेले. गावाच्या वेशीवरचा दगडी मारुती शेंदराच्या पुटांत नाकडोळे हरवून बसतो, अगदी तसा तो हब आत बसला होता. पट्टीला धग लागत नव्हती, वारा लागत नव्हता, आणि हलायला जागा नव्हती. ती बिचारी उलगडणार कशी?

मी घरी बायकोला फोन लावला. या दसऱ्याला गाडीचा रेडिएटर धुवायला काढलेला होता, समोरून पंखा उघडा होता, आणि पूजा तिनंच केली होती. मी कडक आवाजात विचारलं की इंजिनला कुठे शेंदूर लावला. ती म्हणाली, तोंडाला. मधली गोल चकती तिला इंजिनचं तोंड वाटली. पुढे ती असंही काही म्हणाली की तेव्हा ताट धरून तिच्या शेजारी कोण उभं होतं, आणि हात आखडू नको, गाडी बारा चाकी आहे, असं कोण म्हणालं होतं. पण जबलपुरात नेटवर्क फार खराब आहे. मी फोन ठेवून दिला.

आता थर खरवडला की काम झालं. मी गुड्डनला म्हटलं, काढ.

गुड्डननं हात मागे घेतला. “आज मंगल है, बड्डे.”

हा माणूस. जो मघाशी ड्रिल घेऊन त्याच हबला भोकं पाडायला निघाला होता, तो मंगळवारी बजरंगबलीचा शेंदूर नखानं खरवडणार नव्हता. भोकं चालतात, खरवडणं चालत नाही. मी भाऊजींकडे वळलो. भाऊजी असलं काही मानत नाहीत, हे त्यांनी आजवरच्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगितलेलं आहे. ते म्हणाले, मी मानत नाहीच, पण माझा चष्मा घरी राहिला. चष्मा त्यांच्या नाकावर होता. राहिलो मी. माझं कपाळ नाण्यानं सुजलेलं होतं; अशा अवस्थेत देवाच्या कामाला हात लावणं मला योग्य वाटलं नाही.

नामदेव उठला. डब्यातली पोळी त्यानं अर्धी खाल्ली होती, ती झाकून ठेवली, हात धुतले, हबसमोर उभा राहून हात जोडले. “मारुतीराया,” तो म्हणाला, “इंजिनापुरतं बाजूला व्हा.” मग पेचकस घेऊन कडेकडेनं, फणसाचा गर काढावा तसा तो थर सोडवू लागला. आणि तो निघाला तो तुकड्या तुकड्यानं नाही, अख्खा. आतून पट्टीचा वेटोळा ठसा, बाहेरून गोल गुटगुटीत, दोन तांदळांचे डोळे. ताईनं पदर डोक्यावर घेतला. गुड्डननं तो दोन्ही हातांनी झेलला आणि पिंपळाच्या बुंध्याशी ठेवला. आम्ही निघालो तोवर समोर उदबत्ती लागली होती, आणि एक ट्रकवाला उतरून त्याला विचारत होता की हे कोणतं स्थान. आता तिथे दर मंगळवारी रांग लागते आणि पंखेवाले हनुमान म्हणून ते नवसाला पावतात, असं मी नागपुरात सगळ्यांना सांगतो. अजून कोणी खोटं ठरवलेलं नाही.

नामदेवनं पट्टी डिझेलनं पुसली, बोटानं हलवून पाहिली. ती हलली. रेडिएटर जागेवर बसला, पाणी भरलं, गुड्डननं पुन्हा बटण दाबलं. इंजिन तापत गेलं आणि काही होईना. मग एकदम पंख्यानं श्वास घेतला. पिंपळाची पानं उलटी झाली, भाऊजींची टोपी उडून एका गाईच्या शिंगावर बसली, आणि त्यांनी सवयीनं पुढे केलेल्या वर्तमानपत्राचे असे तुकडे झाले की जमिनीच्या जाहिराती साऱ्या तिलवाऱ्यावर पसरल्या. धुवांधारचा आवाज असाच असतो म्हणतात. मी तो फक्त म्हणतात म्हणूनच सांगू शकतो, कारण भेडाघाटाची वेळ निघून गेली होती आणि डेअरीवाल्याचे फोनवर फोन येत होते.

गुड्डननं केबिन खाली घेतली. नामदेव बाजूला उभा राहून हात पुसत होता. सीटवर चढला नाही. त्याची पिशवी त्यानं आधीच केबिनमधून काढून पिंपळाच्या पारावर ठेवलेली मला तेव्हा दिसली. वर घडी केलेलं कांबळं. ताई माझ्याकडे बघत होती. भाऊजी टोपीकडे बघत होते.

माफी वगैरे मागणं आमच्या धंद्यात बसत नाही. पण मी खिशातून चावी काढली, घुंगरू जरा मोठ्यानं वाजेल अशी, आणि सगळ्यांसमोर त्याच्यापुढे धरली. म्हटलं, “घे नामदेव. जे पुलावर बोललो ते पुलावरच राहू दे. ही तुझी चावी. चल, ढेप उतरवू.”

नामदेवनं पारावरची पिशवी उचलली, खांद्याला लावली आणि केबिनच्या पायरीवर पाय ठेवला.

“ठेवा तुमच्याजवळच, भाऊ,” तो म्हणाला. “ती डिझेलच्या टाकीच्या झाकणाची आहे.”